दोन बोटं

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावच्या रस्त्याच्या कामावर खडी मोजायची एक लाकडी पेटी होती. तिला वर झाकण नाही, खाली बूड नाही. चार फळ्या ठोकलेली नुसती चौकट. ती जमिनीवर ठेवायची, फोडलेली खडी तिच्यात भरायची, वरनं फळी फिरवून सपाट करायची आणि पेटी उचलून घ्यायची. खाली राहील तो ढीग तुमचा. असे किती ढीग झाले ते मुकादम वहीत मांडायचा आणि आठवड्याला त्या हिशेबानं पगार.

ही पेटी एका आठवड्यात दोन बोटं वाढली.

पहिल्यांदा ध्यानात आलं ते माझ्या थोरल्या आत्याच्या. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हातानं मोजलेलं ती विसरत नसे. पेटीच्या कडेला तिनं बोटं लावली, परत लावली आणि म्हणाली, "लाकूड वाढतंय, पर झाडावर आसताना. ह्ये तर मेल्यावर वाढाय लागलं." बाया हसल्या. वरच्या कडेला नवी पट्टी ठोकलेली होती आणि तिच्यावर चिखल फासला होता. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, सायबाचं माप हाय. साहेब कधीतरी यायचा. विचारायचं कुणाला?

आमचं गाव आटपाडी तालुक्यातलं. माणदेशातला दुष्काळ म्हणजे पाहुणा नव्हे, घरचाच माणूस. पण त्या साली त्यानं हद्द केली. आधीची वर्षं कशीबशी निघालेली, त्यात बहात्तरला पावसानं तोंडच दाखवलं नाही. बैलं कवडीमोलानं गेली. बैल नाही तर मोट नाही, आणि मोट नाही तर नाडा कुणाला पाहिजे? आम्ही मांगवाड्यातली माणसं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, दोर वळायचे. नाडा, सोल, कासरा, दावी. त्यांच्या हातचा नाडा तीन वर्षं विहिरीत उतरायचा. त्या साली घायपाताचा वाख घरात तसाच पडून राहिला आणि दादा, आई, आत्या, मी, सगळेच रस्त्यावर खडी फोडायला बसलो. खायला सरकारनं आणलेला तांबडा मिलो. त्याची भाकरी थापली की कडा फाटायच्या आणि खाल्ली की घशाला लागायची. पोरांना सुकडी मिळायची. बाया सायकलच्या फाटक्या ट्यूबचे तुकडे बोटांना गुंडाळून हातोडी चालवायच्या, तरी संध्याकाळी बोटं सुजलेलीच.

मी तेव्हा अकरावीला, म्हणजे जुन्या मॅट्रिकला होतो. दिवसा खडी, रात्री चिमणीच्या उजेडात पुस्तक. आणि मधे गाणं.

गाण्याचं बी तात्यांनी टाकलं. तात्या म्हणजे माझे चुलते. परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. छातीचं दुखणं घेऊन गावी परतले ते खोकत खोकत, पण सोबत मुंबईचं सगळं ऐकलेलं घेऊन. कामगार मैदानावर त्यांनी अण्णा भाऊ साठ्यांना ऐकलं होतं, अमर शेखांना ऐकलं होतं. अमर शेखांचा आवाज माइक बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत जायचा, असं ते सांगत. अण्णा भाऊ तर आमच्याच जिल्ह्यातले, वाटेगावचे आणि आमच्याच जातीतले. शाळेत जेमतेम पाऊल टाकलेला माणूस, त्यानं स्टॅलिनग्राडवर पोवाडा लिहिला. हे तात्या सांगायचे तेव्हा मला स्टॅलिनग्राड म्हणजे साताऱ्याच्या पलीकडचं काहीतरी वाटायचं. 1944 साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि गवाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक काढलं. तमाशाचा गण म्हणजे आधी गणपतीला नमन. अण्णा भाऊंनी तिथं मायभूमीला आणि शिवाजी महाराजांना नमन घातलं आणि गवळण उडवून दिली. सरकारनं तमाशावर बंदी घातली तर म्हणाले, हा तमाशा नव्हेच, हे लोकनाट्य. 'माझी मैना' ऐकताना लोक आधी घरधनीण गावाकडं ठेवून आलेल्या कामगाराच्या दुःखानं हळहळायचे आणि बघता बघता ती मैना म्हणजे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव होऊन जायची. संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख. तात्या म्हणायचे, "माणसाला आधी त्याच्या बायकूची आठवण करून द्यायची, मग मुलखाची. उलटं केलं की लोकं उठून बिडी वडाय जात्यात."

अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघंही एकाच साली गेले, 1969 ला. त्यानंतर तात्या मुंबईला परत गेलेच नाहीत. आता तिथं ऐकायला काय ऱ्हायलंय, म्हणाले.

मी पेटीवर गाणं करणार म्हटल्यावर त्यांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली, "चाल उसनी घे, शब्द घरचं घाल." लोकांच्या तोंडात चाल आधीच असली की गाणं शिकवावं लागत नाही. मी भलरीची चाल घेतली. कापणीला म्हणतात ती भलरी. त्या साली कापायला काहीच नव्हतं, त्यामुळं चाल रिकामीच होती. दुसरी गोष्ट, "नाव घिऊ नगंस. पत्ता सांग." हे मला लगेच कळलं नाही. नाव घेतलं की माणूस भांडायला येतो आणि लोक दोन बाजूंना होतात. पत्ता सांगितला की ऐकणारा स्वतःच चालत त्या दारापर्यंत जातो. आता इतक्या वर्षांनी वाटतं, गाणी लिहिणाऱ्याला याहून जास्त शिकवण्यासारखं फारसं काही नसावं.

गाणं आठ कडव्यांचं झालं. बरीचशी कडवी कच्ची होती. मॅट्रिकच्या पोरानं केलेली, यमक ओढूनताणून आणलेली. सुरुवात अशी:

आड आटला, तळं आटलं, आटलं थानाचं दूध,
पेटी तेवढी वाढली कशी, घ्या की पंचांनो शोध.

आणि सातवं कडवं:

दोन बोटांची खडी रोजची कुणाच्या जोत्याला गेली?
फोडणारीण उपाशी निजली, माडीवर माडी झाली.

दुष्काळात सगळ्या गावाच्या भिंती खचत असताना गावात एकाच घरावर दुसरा मजला चढत होता. हा झाला पत्ता. त्या माणसाचं नाव मी तेव्हा घेतलं नाही, आताही घेत नाही. मुकादम त्याचाच भाचा. दुष्काळात आमच्या घरासकट निम्म्या गावाच्या दाण्यांची उधारी त्याच्याच वहीत.

संध्याकाळी आमच्या वाड्यात पाचटाचा जाळ करून तात्या हलगी शेकायचे. हलगीचं कातडं थंड असलं की ते थपथप वाजतं. जाळावर धरलं की ताणतं आणि मग एका टिपरीसरशी टणकन बोलतं. तात्या टिचकी मारून बघायचे, परत धरायचे. त्या जाळाभोवती गाणं पहिल्यांदा म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर पोचायच्या आत ते तिथं पोचलं होतं. बाया हातोडीच्या ठेक्यात म्हणत होत्या. 'वाढली' वर एक घाव, 'शोध' वर एक घाव. आणि सातवं कडवं आलं की सगळ्याजणींचा आवाज एकदम खाली यायचा, जवळजवळ पुटपुटल्यासारखा. तरी सगळ्यात जास्त ऐकू यायचं ते तेच.

जानेवारी लागला. शाळेचे गुरुजी, चांगला माणूस, त्यांनी मला बोलावून सांगितलं, सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढं तुझं दुष्काळाचं गाणं म्हण. मला खरंच वाटेना. शाळेच्या ओट्यावर आमच्या वाड्यातलं कुणी आजवर उभं राहिलं नव्हतं. हलगी वाजवायला बोलवायचे, पण ती ओट्याच्या खाली, बाजूला. वाजवून झालं की निघायचं. ओट्यावर उभं राहून म्हणायचं म्हणजे काय, हे आज शहरात वाढलेल्या वाचकाला सांगून कळणार नाही. आईनं सदरा धुऊन उशाखाली घडी घालून ठेवला.

पंचवीसच्या रात्री दादांना माडीच्या घरी बोलावणं आलं. दादा तासाभरानं परत आले. बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिले. मग वाखाचा एक पेड घेऊन उगीचच वळायला लागले. दोर कुणाला नको होता, तरी वळत होते. वळता वळता, माझ्याकडं न बघता म्हणाले,

"दोन वळी गाळल्या तर काय बिघडतंय?"

मी काही बोललो नाही.

"बाकीचं म्हण की. आड आटला, तळं आटलं, समदं म्हण. त्येंचं म्हणणं येवढंच हाय." मग थोड्या वेळानं, "वही त्येंच्यापाशी हाय, बाबा."

तात्या आतल्या खोलीत जागे होते. खोकल्याचा आवाज येत होता. ते बाहेर आले नाहीत. यावरून मी पुष्कळ वर्षं त्यांच्यावर मनातून रागावलो होतो. नंतर कळलं की त्यांच्या औषधाचे पैसेही त्याच वहीत मांडलेले होते.

मी ओट्यावर उभा राहिलो, सात कडवी म्हटली आणि सातवं गाळून आठव्यावर उडी मारली. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून चाल जरा ओढली. पण मैदानाच्या कडेला कामावरच्या बाया बसल्या होत्या. त्या मनातल्या मनात बरोबर म्हणत असणार. सातव्याच्या जागी त्यांची तोंडं उघडली आणि तशीच राहिली. मी त्यांच्याकडं बघितलं आणि मग झेंड्याकडं बघून शेवटचं कडवं पुरं केलं. टाळ्या पडल्या. माडीवाल्यानं खिशातनं पाच रुपयांची नोट काढून बक्षीस दिलं. गुरुजींनी माझ्या हातून त्याला नमस्कार करवला.

पाच रुपये म्हणजे तेव्हा थोडे नव्हते. आईनं त्याची ज्वारी आणली. मिलोच्या भाकरीनंतर ती ज्वारीची भाकरी सगळ्यांनी खाल्ली. मीही खाल्ली. गोड लागली, खोटं कशाला सांगू.

चार दिवसांनी साहेब आला. जीप थांबली, तो उतरला, मुकादम छत्री घेऊन मागं. बाया खाली मान घालून हातोडी चालवत होत्या. आणि आत्यानं सातवं कडवं धरलं. सुरुवातीपासनं नव्हे, एकदम सातवंच. पहिल्यांदा ती एकटीच. मग आई. मग सगळ्याजणी. ठेका हातोडीचा. मी पन्नास पावलांवर दगड वाहत होतो. मला वाटलं, जमीन फाटावी.

साहेब कानडी मुलखातला असावा, मराठी अडखळत बोलायचा. त्यानं विचारलं, हे काय म्हणतात? मुकादम म्हणाला, भलरी हाय सायेब, कामाचं गाणं. साहेबानं दोन-तीनदा ऐकून घेतलं आणि मग जीपमधनं टेप मागवली. पेटीला लावली. पट्टी तिथंच उपटून काढायला लावली. मुकादमाला काही झालं नाही, पण पेटी तेवढी परत पेटीएवढी झाली.

पुढच्या आठवड्याला मस्टरवर आत्याचं नाव नव्हतं. सगळ्यांना पुरा पगार मिळाला आणि ज्या बाईमुळं मिळाला तिला काही नाही. तीन आठवडे तिचं नाव लागलं नाही. चौथ्या आठवड्यापासनं ती लेकीच्या नावावर खडी फोडायला लागली. मी तिच्यापुढं जायचं टाळत होतो. एकदा पाण्याच्या टँकरपाशी गाठ पडलीच. तिनं माझ्या डोक्यावरनं हात फिरवला आणि म्हणाली, "तू गाळलंस, म्हून मला म्हणावं लागलं बघ." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी गाणी लिहिली नाहीत, असं मी लोकांना सांगत आलो. ते खरं नाही. प्राथमिक शिक्षक झालो आणि पुष्कळ गाणी लिहिली. साक्षरतेवर, कुटुंब नियोजनावर, पल्स पोलिओवर, ग्रामस्वच्छता अभियानात संडासावर तर चार. ती सगळी मंचावर झाली, पंचायत समितीनं दोनदा शाल दिली. एकाही गाण्यातली एक ओळ गाळायला मला कुणी कधी सांगितलं नाही.

थोरला मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि 2005 च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक गिटार घेऊन घरी आला. केस मानेवर, अंगात काळा शर्ट, त्यावर कसलीशी हाडं. गिटारची वायर एका पेटीला जोडायची. तिला तो अँप म्हणायचा. त्यातनं जो आवाज निघाला त्यानं शेजारची म्हैस दावं तोडून गेली. गाण्यातला एक शब्द कळेना. मी म्हटलं, अरे हे काय? तो म्हणाला, पप्पा, हे बंडाचं संगीत आहे, रॉक. तेवढ्यात लाईट गेली. त्या काळात आमच्याकडं बारा-बारा तास भारनियमन. गिटार मुकी झाली. मी म्हटलं, "तुझं बंड वीज मंडळाच्या हातात आहे काय रे?" तो हसला नाही. म्हणाला, "आणि तुमची हलगी ढगाळ दिवसात कशी वाजते?"

हे मात्र बरोबर होतं. दमट हवेत हलगी बोलत नाही. तिला जाळ लागतो, तसा हिला करंट. आणि तो मुद्दाम खरखरवलेला, फाटलेला आवाज? हलगी जवळून ऐकली असेल तर तुम्हाला सांगायला नको. ती गोड वाजण्यासाठी केलेलीच नाही. ती गावाच्या त्या टोकाला ऐकू जाण्यासाठी केलेली आहे.

रात्री अंगणात बाजेवर तो मला एकेक सांगायचा. बॉब डिलन नावाचा गायक साधी लाकडी गिटार घेऊन चळवळीची गाणी म्हणायचा. 1965 साली न्यूपोर्टच्या लोकसंगीताच्या जलशात तो विजेची गिटार घेऊन उभा राहिला तर समोरच्या काही लोकांनी हुर्यो केली. त्यांना वाटलं, आपला माणूस बाटला. मला त्या हुर्यो करणाऱ्यांची बाजू पटली, कारण मी त्यांच्यातलाच होतो. मग प्रागच्या एका बँडची गोष्ट सांगितली. प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स असं त्यांचं लांबलचक नाव. चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांचं राज्य. ही पोरं काही क्रांतीची गाणी म्हणत नव्हती. केस वाढवायची, सरकारी परवान्याबाहेर वाजवायची, एवढंच. 1976 साली त्यांना धरलं, खटला चालवला, तुरुंगात घातलं. त्या खटल्यावरनं लेखक-विचारवंत एकत्र आले आणि 1977 च्या जानेवारीत त्यांनी चार्टर 77 नावाचं पत्रक काढलं. त्यातले एक व्हाक्लाव हॅवेल पुढं त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. मी म्हटलं, म्हणजे शब्द नसले तरी चालतं? तो म्हणाला, "कसं वाजवायचं हे आम्ही ठरवणार, एवढं म्हटलं तरी काही लोकांना पुरतं." मला तात्या आठवले. पण तात्या ज्यांचा लाल बावटा खांद्यावर घेऊन गात, त्यांच्याच रंगाच्या सरकारनं या पोरांना आत टाकलं होतं. तात्या हयात असते तर काय म्हणाले असते, हा विचार मला त्या रात्री सोडवला नाही. आजही सुटलेला नाही.

पुढच्या हिवाळ्यात तो अचानक घरी आला, तोंड पाडून. कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांच्या बँडनं स्वतः केलेलं गाणं बसवलं होतं. हॉस्टेलच्या मेसवर. त्यात एक कडवं मेसचं कंत्राट कुणाच्या मेव्हण्याला मिळालं यावर. वरच्यांनी सांगितलं, तेवढं काढा, बाकीचं म्हणा. पोरांनी नाही म्हटलं. त्यांचं नाव कार्यक्रमातनं कापलं, वर सगळ्यांच्या घरी पत्रं. माझ्या हातात ते पत्र होतं. फीचे हप्ते, पतसंस्थेचं कर्ज, शेवटचं वर्ष, सगळं एकदम डोक्यात आलं आणि मी म्हणालो,

"दोन ओळी गाळल्या असत्या तर काय बिघडलं असतं?"

माझ्या तोंडातनं दादांचा आवाज आला. फरक एवढाच की दादांच्या हातात वाख होता, माझ्या हातात पत्र.

पोरगं काही बोललं नाही. तेही माझ्यासारखंच. सकाळच्या पहिल्या गाडीनं परत गेलं. डिग्री मिळाली, नोकरी लागली, फोनवर बोलणं चालू होतं. पण अंगणातल्या बाजेवरच्या गोष्टी बंद झाल्या त्या बंदच.

2009 च्या जानेवारीत तो सुट्टीला आला तेव्हा त्याच्याकडं लॅपटॉप होता. जेवणं झाल्यावर म्हणाला, एक दाखवतो. ओबामांच्या शपथविधीआधीचा वॉशिंग्टनमधला कार्यक्रम. लिंकनच्या स्मारकापुढं अफाट गर्दी, कडाक्याची थंडी. एक एकोणनव्वद वर्षांचा म्हातारा विणलेली टोपी घालून गातोय, पीट सीगर. शेजारी रॉकवाला ब्रूस स्प्रिंगस्टीन. गाणं वुडी गथ्रीचं.

वुडीची गोष्ट ऐकून मी सावरून बसलो. हा ओक्लाहोमाचा माणूस. तिथंही तिसाच्या दशकात दुष्काळ पडला, धुळीची वादळं उठली, रानं उडून गेली आणि शेतकरी मोडक्या मोटारीत भांडीकुंडी घालून कॅलिफोर्नियाकडं निघाले. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली, गिरण्यांत गेली, तशीच. वुडी त्यांच्यात हिंडला आणि त्यांची गाणी केली. चाली बहुतेक उसन्या. 1940 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात त्यानं एक गाणं लिहिलं. रेडिओवर सारखं वाजणारं एक देवाच्या कृपेचं गाणं ऐकून तो वैतागला होता. ही भूमी सगळ्यांची आहे, अशा अर्थाचं हे गाणं. पुढं ते अमेरिकेतल्या शाळाशाळांत म्हणायला लागले. आपल्याकडच्या प्रार्थनेसारखं.

"पण पप्पा, शाळेत सगळं म्हणत नाहीत," पोरगं म्हणालं. "दोन कडवी गाळतात. एकात खाजगी मालकीची पाटी आहे. दुसऱ्यात उपाशी माणसं सरकारी मदतीच्या कचेरीपुढं रांगेत उभी आहेत आणि वुडी विचारतोय, ही भूमी खरंच आपली का? ती दोन कडवी इतकी वर्षं गाळली. आणि बघा, आता राष्ट्राध्यक्षाच्या समोर हा म्हातारा तीच म्हणतोय."

सीगर ओळ आधी बोलून दाखवत होता, म्हणजे लोकांना मागनं म्हणता यावी. इंग्रजी मला थोडंफार कळतं. रिलीफ हा शब्द कळला. आमच्या कामालाही तेव्हा साहेब लोक रिलीफ वर्कच म्हणायचे.

मग मी त्याला पेटीची गोष्ट सांगितली. छत्तीस वर्षांत घरात कुणाला सांगितली नव्हती. पाच रुपयांची नोट, ज्वारीची भाकरी, टँकरपाशी आत्या म्हणाली ते, सगळं सांगितलं. आणि तुला मी तसं बोलायला नको होतं, हेही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कडवं म्हणून दाखवा."

मी म्हटलं. आवाज बसलेला होता. त्यानं गिटारवर चाल शोधली, तारा न जोडता, नुसतीच. रात्री दीड-दोनपर्यंत आम्ही बसलो. उरलेली सहा कडवी मला आठवेनात. सुरुवातीचं आणि सातवं, एवढंच राहिलं होतं.

आत्या तेव्हा जाऊन आठ वर्षं झाली होती. दादा त्याच्याही आधी गेले.

2019 च्या उन्हाळ्यात परत दुष्काळ. आमच्या भागात जनावरांच्या छावण्या पडल्या. आमच्या दोन गाई धाकट्यानं तिथं नेऊन बांधल्या होत्या, मी दुपारचा डबा घेऊन जायचो. छावणीत माणसंच जनावरांसारखी दावणीला राहतात. बाया तिथंच स्वयंपाक करायच्या, तिथंच निजायच्या. चारा मोजून मिळायचा. एका संध्याकाळी थोरलाही माझ्याबरोबर आला होता. चारा वाटपाची गाडी आली, पेंड्या उतरायला लागल्या आणि पलीकडच्या दावणीवरनं तीन-चार बायांचा आवाज आला. भलरीची चाल.

चार पेंड्यांची वैरण रोजची कुणाच्या गोठ्याला गेली?
राखणारीण उपाशी निजली, माडीवर माडी झाली.

मी जागच्या जागी उभा राहिलो. पोरानं माझ्याकडं बघितलं आणि खिशातनं मोबाईल काढला. आम्ही तिकडं गेलो. बाया आमच्या गावच्या नव्हत्या, दहा-बारा मैलांवरच्या. मी विचारलं, हे गाणं कुठलं? एक म्हणाली, आमच्या सासूचं. दुसरी म्हणाली, कामावरचं हाय, जुनं. कुणी केलं? "कुणी कराय कशाला पायजे? हायच ते."

मी म्हटलं, "मावशी, पहिल्यांदा ते पेंडी नव्हतं. दोन बोटांची खडी असं होतं."

तिनं मला वरपासनं खालपर्यंत न्याहाळलं. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, हातात डबा.

"गुर्जी," ती म्हणाली, "हितं खडी कुठं हाय? हितं पेंडी हाय. गाडी आली बघा, सरका जरा."

आम्ही सरकलो.